एका जानपद गीताचे गळे

अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे जाणाऱ्या सडकेवर, दुतर्फा पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे मागे पडत असता, यवतमाळच्या अलीकडे जो कसबा लागतो तो नेर. वऱ्हाडात नेर नावाची दोन गावे प्रसिद्ध असल्यामुळे जोडनावाशिवाय त्यांची ओळख पटत नाही: मोर्शी तालुक्यातले ते देवीच्या नावाने नेर पिंगळाई, आणि हे आपले नेर परसोपंत, नगरपरिषदेच्या लेखी तर हे नेर-नबाबपूर. या मुलखाचा कारभार किती हातांतून फिरला ते पाहिले म्हणजे रयतेच्या स्थितप्रज्ञतेचे कौतुक वाटते. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहनाम्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले; १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते सालीना पंचवीस लाख रुपयांच्या कायम इजाऱ्याने पदरात पाडून घेतले; पुढच्याच साली त्याची मध्य प्रांताशी सांगड घालण्यात आली; आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्यातला पुसद तालुका यवतमाळकडे वर्ग झाला.

या साऱ्या उलाढालींचा कागद शाबूत आहे. कोणत्या मौजाचा आकार किती, कोणत्या वावरात कापूस आणि कोणत्या वावरात जवारी, कोणाचा हप्ता तुंबला आणि कोणाला सूट मिळाली, हे जमाबंदीच्या खर्ड्यांतून आजही शोधून काढता येईल. परंतु त्याच वावराच्या धुऱ्यावर उभे राहून कोणी कोणासाठी काय गाइले, हे सांगणारे दफ्तर ना निजामाच्या अमदानीत निघाले ना इंग्रजांच्या. शेतकऱ्याच्या शृंगाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला म्हणूनच लाखेची काळी तबकडी हाच पहिला इमानी कारकून भेटतो, आणि तोही फार उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात.

तत्पूर्वी या भागात गाणे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. पहाटेच्या जात्यावर ओवी होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणत आणि शेवटी खिरापत ओळखण्याच्या झटापटीत गाणे विसरून जात. दंडार होती, खडी गंमत होती, शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले आणि शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले यांचे रात्र रात्र चालणारे सवालजबाब होते. आणि दारव्हा, दिग्रस, पुसद या टापूंतल्या तांड्यांवर होळीच्या दिवसांत बंजाऱ्यांची लेंगी घुमत असे. एवढ्या या गानसंपत्तीत स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचे सरळ, मोकळे गाणे कितीसे सापडते, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ज्या ओव्या वेचून ठेवल्या त्या वाचताना हे लक्षात येते की जात्यावर बसलेल्या बाईच्या जिव्हाळ्याचा मोठा वाटा भावाला आणि माहेराला मिळतो, भ्रताराचा उल्लेख येतो तो मर्यादेने, बहुधा त्याच्या वैभवाच्या किंवा आपल्या कुंकवाच्या निमित्ताने. भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या जाचाची थट्टा आहे, रुसवा आहे, अभिलाष नाही. अभिलाषाला वाट होती ती तमाशाच्या फडात, आणि तेथे ती वाट पुरुषाच्या रचनेतून, पुरुषांच्या समोर, पैसे टाकणाऱ्याच्या फर्माइशीने जात होती. रामजोशी आणि होनाजी यांच्या लावण्यांचे सौंदर्य मी कमी लेखीत नाही, परंतु त्या पेशवाईच्या पुण्याच्या लावण्या आहेत. त्यांतल्या नायिकेच्या पायाखाली हवेलीची फरसबंदी आहे, चिखल नाही.

चिखलातल्या प्रेमाची परंपरा शोधायची तर पेशवाई ओलांडून पार सातवाहनांपर्यंत मागे जावे लागते. हालाच्या गाथासप्तशतीत पामर आणि हालिक, म्हणजे गावकरी आणि नांगरे, यांच्या संसारातले चोरटे कटाक्ष, शेताच्या राखणीच्या निमित्ताने ठरलेले संकेत, पीक कापले गेल्यामुळे भेटीची जागाच नाहीशी झाली म्हणून कष्टी झालेली तरुणी, असे कितीतरी प्रसंग दोन-दोन ओळींत कोरलेले आहेत, आणि तो संग्रह एका कवीचा नसून अनेकांच्या गाथांचा आहे. महाराष्ट्री प्राकृतातला हा धागा मराठीत पुढे संतांच्या भक्तीत आणि पंडितांच्या अलंकारांत हरवला, तो पुन्हा हाती यायला इंग्रजी शिकलेल्या, गावात जन्मलेल्या आणि गावातच राहणे पत्करलेल्या एका तरुणाची गरज होती.

नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजे काव्यरसिकांचे ना. घ., यांचा जन्म १९०९ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या शेंदुरजन येथे झाला. पुढे मेहकरास त्यांनी वकिली केली आणि तेथेच दीर्घायुष्य घालविले. मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. हीच पैनगंगा पुढे वाहत जाऊन यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते, आणि दारव्ह्याकडच्या अडाण व अरुणावती यांचे पाणी शेवटी तिलाच मिळते; तेव्हा नेरच्या माणसाने ना. घं.ना शेजारचे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. वयाच्या विशीत, १९२९ च्या सुमारास, त्यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली. तिचे कथानक म्हणावे तर काहीच नाही. रानातून कोणाची तरी शीळ ऐकू येते. ती कोणाची हे ऐकणारीला पुरते ठाऊक आहे. आणि आपल्या या राजाला काळवेळाचा काही धरबंधच नाही, अशी ती लटकी तक्रार करते. बोलणारी स्त्री आहे, पण तिचे बोलणे फडावरच्या नायिकेसारखे समोर बसलेल्या रसिकांना उद्देशून नाही. ते ज्याने शीळ घातली त्याला उद्देशून आहे, आणि आपण ते आडून ऐकतो. माझ्या मते या कवितेचे नावीन्य याच एका गोष्टीत आहे, आणि ते थोडे नाही.

हे गीत वऱ्हाडचे खरे, पण त्याची बोली वऱ्हाडी नव्हे. नेरच्या बाजारात भाजी घेणारी बाई ज्या ‘मले-तुले’च्या ठसक्यात बोलते तो ठसका ‘शीळ’मध्ये नाही, तिथले ग्रामीण रूप सबंध महाराष्ट्राला समजेल अशा बेताने मऊ करून घेतलेले आहे. त्या काळी जानपद गीतांची एक लाटच मराठीत आली होती. रविकिरण मंडळाचे यशवंत, गिरीश, माधव जूलियन हे कवी आपल्या कविता चालीवर म्हणून दाखवीत, सभासंमेलनांत कविता वाचण्यापेक्षा गाण्याला अधिक मान होता, आणि शहरातला श्रोता खेड्यातल्या शेतकऱ्याकडे काहीशा हळव्या कुतूहलाने पाहू लागला होता. या लाटेतल्या पुष्कळ गीतांचे शेतकरी आज पाहिले तर धुतलेल्या धोतरातले वाटतात. ना. घं.चा प्रियकर त्यांतल्या त्यात खरा, कारण कवीने त्याला दाखविण्याचा मोह टाळला आणि फक्त त्याची शीळ ऐकविली.

या कवितेला चाल देऊन गाणारा गळाही विदर्भातलाच निघाला. जी. एन. जोशी हे ना. घं.च्याच वयाचे, तेही कायद्याचे पदवीधर. यवतमाळचे जिंदादिल शायर भाऊसाहेब पाटणकर हेही पेशाने वकील, आणि वयाने या दोघांच्या बरोबरीचे. कोर्टाच्या कज्जेदलालीत दिवस घालविणाऱ्यांनीच या प्रांतात प्रेमकाव्याचा मक्ता घेतलेला दिसतो. याचे कारण मानसशास्त्रज्ञांनी शोधावे. जोशी मुंबईस आले, हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि १९३२ च्या सुमारास ‘शीळ’ची तबकडी बाजारात आली. मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जण या तबकडीपासून मोजतात. पुढे १९३८ पासून जोशी त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, हिंदुस्थानातल्या कितीतरी थोर गवयांना आणि वादकांना त्यांनी यंत्रापुढे बसविले, आणि ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आत्मकथनात त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली. परंतु सर्वसामान्य मराठी माणसाच्या लेखी ते अखेरपर्यंत ‘शीळ’चेच गायक राहिले.

ही तबकडी म्हणजे काय वस्तू होती, हे आजच्या वाचकाला सांगणे अवश्य आहे. दहा इंच व्यासाची, किड्यांच्या लाखेपासून केलेली, जड आणि ठिसूळ. हातातून निसटली तर तुकडे. मध्यभागी भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र, त्यामुळे खेड्यापाड्यांत ती ‘कुत्राछाप’ म्हणूनच ओळखली जाई. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे आणि एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचा अवकाश. यंत्राला हाताने चावी द्यायची, पोलादी सुई बसवायची, एक बाजू वाजली की सुई बोथट झाली म्हणून ती टाकून नवी लावायची, आणि मध्येच चावी उतरली तर गवयाचा आवाज हळूहळू जाड होत रडवेला होई, त्यावर पोरे खिदळत. एवढ्या तीन मिनिटांत फडावरची लावणी मावणे कठीण, कारण ती चौकामागून चौक घेत, ढोलकीला आणि झीलकऱ्यांना जागा देत, प्रेक्षकांच्या दादेने लांबत जाते. तिला तबकडीसाठी कापावे लागे आणि कापलेली लावणी पाय आखडून घेतलेल्या माणसासारखी अवघडलेली वाटे. ‘शीळ’सारखी आटोपशीर कविता मात्र त्या अवकाशात नेमकी बसली. जोशींनी तिचा शब्द तानेखाली चिरडू दिला नाही. ते स्पष्ट, मोकळे, थोडे बोलल्यासारखे गाइले. भावगीत या प्रकाराचा आकार कवीच्या प्रतिभेने ठरविला असे आपण म्हणतो, त्यात लाखेच्या चकतीचाही हिस्सा धरला पाहिजे.

वऱ्हाडच्या आतल्या भागात ही तबकडी पोचली ती कापसाच्या वाटेने. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, जिला पुढे लोक लाडाने शकुंतला म्हणू लागले, ती कापसाच्या गाठी मुंबईकडे पोचविण्यासाठीच घातलेली. नेर तिच्या मार्गावर नाही, पण दारव्हा आहे, आणि गाठी उतरवून परत येणाऱ्या डब्यांतून कापड, घासलेट, औषधे आणि चैनीच्या वस्तू या मुलखात येत. फोनो ज्याच्या घरी असे तो गावचा देशमुख, जिनवाला, सावकार किंवा वकील असे, आणि त्याच्या ओसरीवर निम्मे गाव उभे राही. विकत घेणारा एक, ऐकणारे शंभर, आणि ऐकून दुसऱ्या दिवशी म्हणणारे पन्नास, असा तो हिशेब होता.

येथे एक गमतीची गोष्ट घडली, आणि माझ्या विषयाचा गाभा तोच आहे. अमेरिकेत खेडवळ प्रेमगीतांची जी रीत पडली ती अशी की एकच गाणे एकामागून एक अनेकांनी ध्वनिमुद्रित करावे. पी वी किंग आणि रेड स्ट्यूअर्ट यांचे ‘टेनेसी वॉल्ट्झ’ घ्या: नाचता नाचता आपली प्रेयसी मित्राच्या हाती गेली, एवढेच त्यात दुःख, १९४८ मध्ये खुद्द किंग यांची आणि काउबॉय कोपस यांची अशा त्याच्या तबकड्या निघाल्या, आणि १९५० मध्ये पॅटी पेज या गायिकेने ते गाऊन असे लोकप्रिय केले की पुढे १९६५ साली टेनेसी संस्थानाने त्याला राज्यगीताचा दर्जा दिला. ही प्रथा केवळ तिकडच्या लोकांच्या उदारपणाने पडली नाही. १९०९ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने असे ठरवून दिले होते की एकदा गाणे ध्वनिमुद्रित झाले म्हणजे दर तबकडीमागे दोन सेंट भरून ते कोणीही पुन्हा मुद्रित करावे. मूळ मालकाला नाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे १९१४ चा कायदा इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता आणि त्यातही अशीच मोकळीक होती. तरीही ‘शीळ’ म्हटले की जोशी, आणि जोशी म्हटले की ‘शीळ’, ही गाठ सुटली नाही. कायद्याने दरवाजा उघडा ठेवला असता मराठी गाणे त्यातून बाहेर का पडले नाही?

एक कारण व्यापारी आहे. ओडियन होती, यंग इंडिया होती, तरी बाजार मुख्यतः एकाच कंपनीच्या मुठीत होता, आणि ज्या कंपनीने एका गवयाची तबकडी खपविली तिला तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेण्यात फायदा नव्हता. दुसरे कारण आपल्या रुचीत आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. रंगभूमीवर हा नियम नव्हता. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आल्यापासून त्यातली पदे भूमिकेबरोबर एका नटाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर ऐकायला मुंबईचा प्रेक्षक लोटला तो तुलनेच्याच ओढीने, दीनानाथांनी तर धैर्यधराच्या पदांना स्वतःचा असा निराळा घाट दिला, आणि लोकांनी त्याबद्दल त्यांना डोक्यावर घेतले. पद हे गवयाला आपली करामत दाखवायला दिलेले मैदान होते. भावगीत मात्र एका माणसाची खासगी कैफियत मानली गेली, आणि कैफियत दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आपल्या श्रोत्याला अप्रामाणिक वाटले. यातली विसंगती अशी की मूळ कैफियत स्त्रीची, लिहिणारा पुरुष, गाणाराही पुरुष. पण बायकांची भूमिका पुरुषांनी करण्याची सवय ज्या समाजाच्या अंगवळणी पडली होती त्याला त्यात काही खटकले नाही.

लावणीचे नशीब पुढे चित्रपटाने उघडले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त जयराम शिलेदारांनी, आणि १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी, वसंत देसायांच्या संगीतात पेशवाईतल्या रचना नव्या कानांपर्यंत नेल्या. दुसऱ्या चित्रपटाचा तर कान येथील १९५२ च्या महोत्सवात ध्वनिलेखनाबद्दल गौरव झाला. होनाजीच्या ज्या शब्दांवर फडातल्या कित्येक अनाम नर्तकींनी शंभर-सव्वाशे वर्षे आपापली छाप टाकली, ते शब्द आता लताबाईंच्या आवाजातच बरोबर वाटू लागले. तबकडीने आणि पडद्याने गाणे गावोगाव नेले आणि त्याच सपाट्यात त्याला एका गळ्याशी जखडले, ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली आहेत. १९४८ च्या जुलैत नागपूर आकाशवाणी सुरू झाल्यावर यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यांना घरबसल्या गाणे मिळाले, पण वाजे ते बहुधा तबकडीवरचेच.

मुद्रित न झालेल्या गळ्यांचे काय, हे विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ओसरीवर उभे राहून ऐकणाऱ्यांनी चाल उचलली, शब्द अर्धेमुर्धे उचलले, आणि राहिलेल्या जागी आपले घातले. ऐकीव गाण्याचे असेच होते: कापूस वेचताना ओटीत बोंडे टाकायच्या लयीवर चाल संथ होते, लग्नघरी हळदीच्या गडबडीत ती चढते, आणि नागर शब्दांच्या जागी वऱ्हाडी शब्द आपोआप येऊन बसतात. कवीने शहरासाठी जे मऊ केले होते ते अशा गळ्यांत पुन्हा टणक होते. कंपनीच्या वहीत अशा गळ्यांची नोंद असण्याचे कारण नव्हते, आणि अमेरिकेत जे काम दोन सेंट भरून होत होते ते येथे फुकट, बिनबोभाट आणि नावाशिवाय झाले.

१९५७ च्या आपल्या कायद्याने मूळ मुद्रणाला दोन वर्षे लोटल्यावर दुसऱ्या गळ्याने तेच गाणे मुद्रित करण्याची वाट स्पष्ट शब्दांत दाखविली, तिचा खरा उपयोग मात्र कॅसेटच्या युगात झाला. १९८० च्या दशकात टी-सिरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटी बाजारात ओतल्या आणि त्यांना ‘व्हर्शन’ म्हणण्याचा परिपाठ पडला. या कॅसेटींची कीर्ती फारशी चांगली नाही. मूळ गायकाची हुबेहूब नक्कल करण्याकडेच त्यांचा कल असे, आणि नक्कल हा दुसरा गळा होऊ शकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत दोनाची पाच वर्षे झाली. तोवर कॅसेटचेच दिवस भरले होते.

ना. घं.ची हकीकत यापुढे थोडीच आहे. तबकडी गाजली आणि कवी मेहकरातच राहिला. गाणे घरोघर झाल्यावर वीस-बावीस वर्षांनी, १९५४ साली, त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला, त्याला नाव ‘शीळ’ हेच. म्हणजे पुष्कळ वाचकांनी पुस्तक उघडले ते आधी पाठ असलेल्या कवितेसाठी. पुढचा ‘अभिसार’ १९६३ मध्ये, आणि ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ १९८५ मध्ये. इतक्या सावकाश लिहिणाऱ्या, संयमी आणि प्रौढ कवितेपर्यंत पोचलेल्या या माणसाला २००० साली देहावसान होईपर्यंत लोक विशीतल्या एका गाण्याने ओळखत राहिले. ‘खूणगाठी’तल्या कवितांना तीन मिनिटांच्या तबकडीची अडचण नव्हती आणि चालीची गरजही नव्हती, त्या वाचायच्या कविता आहेत, आणि यवतमाळ-बुलढाण्याच्या वाचनालयांतून त्यांची प्रत मागणारा वाचक ‘शीळ’ मागणाऱ्यापेक्षा विरळा, हे कोणत्याही ग्रंथपालाला विचारून पाहावे.